सिद्धम्माच्या पाठीवरचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, डबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लाडू-चिवडा आला असेल तर तो बाजूला ठेवा. माझ्यात काही ठेवता येत नाही. मी चारी बाजूंनी बंद आहे. वरून हिरवा रंग, दोन्ही अंगांना तारेचे कान आणि त्या कानांतून ओवलेली सुती दोरी, असा माझा एकंदर थाट. ज्याला पोहता येत नाही त्याच्या पाठीवर मला बांधतात आणि त्याला पाण्यात सोडतात. तो खाली जायला लागला की मी त्याला वर धरतो. पोट रिकामं ठेवायचं, एवढंच माझं काम. ते मी चोपन्न वर्षं इमानानं केलं, आणि पंचावन्नाव्या वर्षी माझ्या हातून जे झालं तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे.

मी सोलापूरचा, भवानी पेठेतला. सोलापुरात पोहण्याचं मंडळ आहे म्हटलं की बाहेरगावची माणसं हसतात. हसू देत. समुद्र आमच्यापासून लांब आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. पण आमच्या मंडळाकडे विहीर आहे. चौकोनी, काळ्या दगडाची, चाळीस फूट रुंद. पूर्वेच्या बाजूनं पायऱ्या उतरतात, पश्चिमेला सरळ भिंत. भर उन्हाळ्यातही तिच्यात तीन पुरुष खोल पाणी असतं. बहात्तरच्या दुष्काळात पाणी एक पुरुषावर आलं, तरी आमच्या मंडळींनी त्या गढूळ पाण्यातसुद्धा सहा जणांना पोहायला शिकवलं.

माझा जन्म दुष्काळाच्या आदल्या सालचा. मी आधी गोड्या तेलाचा डबा होतो. तेल संपल्यावर मंडळाचे हिंदुराव वस्ताद मला मौलाचाचांच्या दुकानी घेऊन गेले. मौलाचाचा पत्र्याचं काम करायचे. त्यांनी मला राखेनं घासलं, माझ्या तोंडावर चकती बसवली, शेगडीत लोखंडी कांब तापवून तिनं कथील वितळवलं, फटीला डाख दिला आणि मला पाण्याच्या टाकीत दाबून धरलं. बुडबुडा आला. पुन्हा डाख, पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळेला एकही बुडबुडा आला नाही तेव्हा ते वस्तादांना म्हणाले, "लेके जाव. अब ये डूबता नै." ते शब्द मी ऐकले आणि मला फार अभिमान वाटला. अभिमान नको तेवढा वाटला, असं आता म्हणावं लागतंय.

आता विहिरीची गोष्ट. ती मंडळाची नव्हे. ती आताचे जागामालक उदयसिंह यांच्या आजोबांची. त्यांचा धाकटा भाऊ याच विहिरीत बुडून गेला होता, पोहता येत नव्हतं म्हणून. लोक म्हणाले, विहीर बुजवून टाका. आजोबांनी बुजवली नाही. त्यांनी ती वस्तादांच्या मंडळाला दिली आणि कागदावर एकच अट घातली. दर उन्हाळ्यात, मे महिना संपायच्या आत, एक तरी नवा माणूस डब्याशिवाय या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत पोहून आला पाहिजे. ज्या वर्षी असा माणूस मिळणार नाही त्या वर्षी विहीर परत आमची.

त्या काळी ही अट सगळ्यांना गंमत वाटायची. एकेका उन्हाळ्यात साठ-सत्तर पोरं पायऱ्यांवर रांग लावून उभी असायची. माझ्यासारखे अकरा डबे होते, तरी पुरायचे नाहीत. वस्तादांनी एक रीत घालून दिली होती. नवशिक्याच्या पाठीवर डबा मास्तरांनी बांधायचा नाही. ज्याचा डबा सर्वांत अलीकडे सुटला त्यानं बांधायचा, कारण भीती कशी असते ते त्याला ताजं आठवत असतं. त्यामुळे आमच्याकडे कुणी भेटलं की "डबा कुणी बांधला?" असं विचारतात. एकाचं नाव घेतलं की त्याच्या मागचा, त्याच्या मागचा, असं करत गडी थेट वस्तादांपर्यंत पोचतो.

आमचा दिग्विजय एकदा कोकणात समुद्राच्या शर्यतीत उतरला आणि दुसरा आला. तिथल्या मंडळाचे म्हातारे सेक्रेटरी त्याला आपल्या खोलीत घेऊन गेले. भिंतभर जुने फोटो, कपाटात चांदीचे कप. त्यांनी कौतुकानं विचारलं, "तुम्ही कुठल्या किनाऱ्यावर शिकलात?" दिग्विजय म्हणाला, "किनारा न्हाय साहेब. चाळीस फुटांवर भिंत हाय." परत आल्यावर त्यानं हे पायरीवर बसून सांगितलं, आणि समुद्राकाठच्या मंडळाजवळ कप आहेत तर आमच्याजवळ हा हिरवा डबा आहे, असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

वस्तादांची आणखी एक रीत होती. सोलापूरच्या उन्हात पत्रा तापतो, डाख ढिला होतो, म्हणून एकदा मोसम सुरू झाला की डबा पाण्याबाहेर काढायचा नाही. खालच्या पायरीला लोखंडी कडी आहे, तिला दोरीनं अडकवून ठेवायचा. शिकणाऱ्यानं छातीभर पाण्यात यायचं आणि पाण्यातच डबा बांधून घ्यायचा. रीत शहाणपणाची होती. पण तिच्याबरोबर आणखी एक काम वस्ताद करायचे, ते पुढच्यांनी हळूहळू सोडलं. मोसमाच्या आधी ते प्रत्येक डबा पाण्यात दाबून बुडबुडे बघायचे. वस्ताद गेले, काही वर्षं लोकांनी बघितलं, मग बघेनासे झाले. मला न उचलण्याचा मान तेवढा राहिला.

नंतर शहरात निळ्या फरशीचे तलाव झाले. रबराच्या ट्यूब आल्या, फोमच्या पाट्या आल्या. पोरं तिकडे गेली. जावीत की, आमचा त्यांच्यावर राग नाही. पण पायऱ्यांवरची रांग आटली. माझे दहा भाऊ एकेक करून गंजले आणि भंगारात गेले. मी मंडळाच्या खोलीतल्या माळ्यावर, मोडक्या खुर्च्यांच्या मागे दहा-दहा महिने पडून असायचो. गेल्या वर्षी अख्ख्या उन्हाळ्यात एकटी दाक्षायणी शिकली. कापडाच्या दुकानात बिलं करणारी बावीस वर्षांची पोरगी. तिच्यामुळे विहीर एका वर्षापुरती वाचली.

यंदा एप्रिल गेला तरी कुणीच आलं नाही. मंडळ आता शरणबसव मास्तर सांभाळतात. यंत्रमागावर जन्म काढलेला हा माणूस सत्तरीचा आहे. त्यांनी मला माळ्यावरून काढलं, घासलं आणि हिरवा रंग दिला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माझ्या डाव्या कानाखाली गंज होता तो त्यांना दिसला नाही. त्यावरूनच ब्रश फिरला. रंग वाळल्यावर मी इतका देखणा दिसत होतो की मलाही त्या गंजाचा विसर पडला.

मेच्या पाच तारखेला सकाळी सिद्धम्मा पायऱ्या उतरून आली. विहिरीच्या मागच्या बोळात ती कडक भाकरीचा धंदा करते. वय बावन्न. तीस वर्षं चुलीपुढं बसून तिचे गुडघे गेले होते.

"मास्तर, डॉक्टर म्हनतोय पवा," ती म्हणाली. "मला येत न्हाय. शिकवता का?"

मास्तरांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "अक्का, एकतीस तारखेच्या आत पवता यायला पायजे."

"का? काय लगीन हाय का विहिरीचं?"

मास्तरांनी तिला अट सांगितली. उदयसिंहांनी विहिरीवर स्लॅब टाकून गाड्या लावायची जागा करायचं ठरवलंय, तेही सांगितलं. सिद्धम्मानं पदर खोचला. "तीस वर्सं मी ह्या विहिरीचा आवाज ऐकत भाकऱ्या थापल्या," ती म्हणाली. "वर गाड्या लावल्यावर मी काय हॉर्न ऐकू? बांधा डबा."

दाक्षायणीनं मला तिच्या पाठीवर बांधलं. सिद्धम्मा मला आवडली, पण पाण्यात तिचं काही खरं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं पायरी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सोडली आणि दाक्षायणीचं मनगट धरलं ते सुटेना. चौथ्या दिवशी तिनं हात मारायला सुरुवात केली. पाणी कापायचं सोडून ती ते थापायची, पिठासारखं. मास्तर वरून ओरडायचे, "अक्का, भाकरी न्हाय ती, पानी हाय." ती तोंडातलं पाणी थुंकून म्हणायची, "हात तोच हाय की मास्तर, दुसरा कुटनं आनू?" पण रोज सहाला यायची. एक दिवस चुकवला नाही. दहा-बारा दिवसांत ती भिंतीला हात लावून परत यायला लागली.

आणि इकडे माझ्यात पाणी शिरायला लागलं होतं.

पहिल्यांदा मला वाटलं, भास आहे. मग माझ्या पोटात थंड काहीतरी हललं. डाव्या कानाखालचा रंग फुगून फुटला होता आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून विहीर आत येत होती. रोज थोडी थोडी. बाहेर काढायचा नाही, ही रीत. त्यामुळे मला उचललं कुणीच नाही. मास्तरांना पायरीवरून मी नुसता हिरवा दिसायचो. दाक्षायणी दुकान गाठायच्या घाईत पाण्यातच गाठ मारायची आणि पाण्यात माझं वजन तिला कळायचं नाही. मी रोज बोटभर खाली तरंगत होतो. वीस तारखेला माझी नुसती वरची कड पाण्याबाहेर उरली.

मित्रांनो, मी घाबरलो. चोपन्न वर्षांत शेकडो माणसं माझ्या भरवशावर पाण्यात उतरली, कुणाला दगा दिला नाही. आणि आता ही बाई माझ्या अंगावर विसंबून तीन पुरुष पाण्यावर जात होती आणि माझ्यात तिला धरायची ताकद राहिली नव्हती. विहिरीच्या मधोमध पोचलो की मला वाटायचं, आता गेली. पण ती जात नव्हती. एक-दोन दिवस मी हे समजून घेत होतो आणि मग माझ्या ध्यानात आलं. ती पोहत होती. शिवाय पाठीवर मला ओढून नेत होती. ते फक्त मला माहीत होतं आणि मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

सव्वीस तारखेला मास्तर म्हणाले, "आज डबा सोडून बगू."

दाक्षायणीनं मला सोडलं, कडीला अडकवलं. सिद्धम्मा दोन हात मारून गेली, पाठीला हात लावून बघितला, मी तिथं नाही हे तिला कळलं आणि तिचे हातपाय गळाले. नाकातोंडात पाणी गेलं. दाक्षायणीनं तिला पायरीवर ओढून आणलं. सिद्धम्मानं खोकत खोकत पाणी काढलं. "डबा सुटला की मी दगड हाय बाई," ती म्हणाली. "मला माज्या पाठीवर त्यो लागतो." पुढचे चार दिवस तिनं मला सोडू दिलं नाही. मी कडीला लटकून मनातल्या मनात आक्रोश करत होतो, की अगं, मी कुठं धरतोय तुला?

एकतीस तारीख उजाडली. साडेसहाला उदयसिंह आले. माणूस वाईट नाही, उगाच का म्हणू. हातात आजोबांचा कागद होता. पायरीवर रुमाल टाकून बसले आणि म्हणाले, "मास्तर, मला घाई नाही. नऊपर्यंत बसतो. पण आजोबांनी लिहिलंय तसंच व्हायला पाहिजे. डब्यासकट नाही."

सिद्धम्मा मला बांधून एकदा जाऊन आली. दुसऱ्यांदा जाऊन आली. पायरी धरून उभी राहिली. दाक्षायणी तिच्या शेजारी छातीभर पाण्यात उभी होती. "मावशी, सोडू?" तिनं विचारलं.

"नगं."

"मावशी, मी बाजूनं येते की. हात नाही लावणार, पण येते."

सिद्धम्मानं समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग डोळे मिटून म्हणाली, "सोड. पन कडीला बांदू नगंस. हातात धर, मला दिसंल असा धर." दाक्षायणीनं गाठ सोडली. त्या दिवशी पहाटेच माझ्यातली उरलीसुरली हवा संपत आली होती. ओल्या दोरीवरून दाक्षायणीचा हात निसटला आणि मी खाली गेलो.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेलो. दगडासारखा. वर दोन बुडबुडे आले असतील, तेवढेच.

विहिरीतला आवाज तळाशी फार स्वच्छ ऐकू येतो. मास्तरांचा आवाज आला, पण त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "भोक हाय त्याला. कवापासून हाय?" दाक्षायणी रडवेली होऊन म्हणाली, "मास्तर, तो रोज खालीच तरंगायचा. मला वाटलं, जुना आहे म्हणून." मास्तर पायरीवर बसले. "मी न्हाय दाबून बगितला," ते म्हणाले. "वस्ताद दाबून बगायचे. मी नुसता रंग दिला. अक्का, तू मेली असतीस. वर ये. विहीर गेली तर गेली. माज्या हातनं आता कुनाला पान्यात सोडनं व्हायचं न्हाय."

उदयसिंहांनी कागदाची घडी घातली असावी, कारण कागद वाजला.

"थांबा मालक," सिद्धम्मा म्हणाली.

तिचा आवाज अगदी शांत होता. "मास्तर, किती दिस झाले त्याला भरून?"

"काय सांगू अक्का. आठ-दहा दिस तरी."

"मग दहा दिस मला कोन धरत हुतं?"

मास्तरांनी मान वर केली.

"त्यो बुडला," सिद्धम्मा म्हणाली. "मी न्हाय बुडले. मीच त्याला पाठीवर वागवत हुते की."

आणि तिनं पायरी सोडली.

मी तळाशी गाळात कलंडून पडलो होतो, तोंड वर करून. चोपन्न वर्षं मी माणसं पाठीकडून बघितली होती, खालून कधी नाही. वर हिरव्या पाण्यात उजेडाचा चौकोन होता आणि त्यात सिद्धम्माच्या टाचा दिसत होत्या. भेगा पडलेल्या, चुलीपुढच्या. एकीमागून एक हलत होत्या. हात अजूनही थापतच होते. मध्यावर, जिथं सव्वीस तारखेला हात गळाले होते त्याच जागी, तिचा उजवा हात मागे पाठीकडे गेला. माझ्या पोटातलं पाणी गोठलं. पण हात तिथं थांबला नाही. पाठीवर काही नाही हे तिनं चाचपलं, आणि तो हात पुढं आला, पाण्यावर पडला. थाप. पुन्हा थाप. भिंत आली. तिनं भिंतीला लाथ दिली नाही, कारण ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती आपली सावकाश वळली आणि परत निघाली. दाक्षायणीचे पाय तिच्या शेजारून हातभर अंतर ठेवून चालले होते. तिनं शब्द पाळला, एकदाही हात लावला नाही.

पायरीवर पाय टेकल्याचा आवाज मला खाली ऐकू आला. मग सिद्धम्मा धापा टाकत म्हणाली, "मालक, त्या कागदावर काय सही-बिही करायची ती करा. माजं पीठ मळायचं पडलंय."

उदयसिंहांनी सही केली. "माझ्या धाकट्या आजोबांना हे एवढं आलं असतं तर," असं काहीतरी म्हणाले आणि कागद पुन्हा वाजला.

दुपारी घागरी काढायचा गळ टाकून मला वर ओढलं. सिद्धम्मानं मला उलटं धरलं. माझ्यातून कितीतरी वेळ बारीक धारेनं पाणी पडत राहिलं आणि सगळे ते बघत उभे राहिले. मला शरमेनं मेल्यासारखं झालं होतं. उदयसिंह म्हणाले, "मास्तर, हा आता काचेच्या कपाटात ठेवू. मंडळाचा वारसा आहे. मी कपाट करून देतो."

"कपाटात ठिवून कोन शिकतंय पवायला?" सिद्धम्मा म्हणाली. "डाख लावून आना. उद्याधरनं आमची बसव्वा येनार हाय. तिचं वजन माज्या दीडपट हाय."

मला त्याच दिवशी पत्र्याच्या दुकानी नेलं. गंज खरवडला, भोक उघडं केलं, डाख दिला. मास्तरांनी मला स्वतः पाण्याच्या टाकीत दाबून धरलं, डोळे पाण्याजवळ नेऊन. नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी कान पाण्याला लावला, बुडबुड्याचा आवाज येतो का ऐकायला. तीन वेळा.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, गावात माझ्यासारखे जुने पुष्कळ असतील. आम्हाला हार घालू नका. वर्षातून एकदा नवा रंग देऊन मोकळे होऊ नका. आम्हाला उचला, हलवून बघा, पाण्यात दाबून बघा. भोक सापडलं तर तोंड फिरवू नका, डाख लावा. डाख धरत नसेल तर सरळ भंगारात घाला, मला त्याचं दुःख होणार नाही. पण आमच्या भरवशावर माणूस पाण्यात सोडण्याआधी एकदा बघा. सिद्धम्मा माझ्यामुळे वाचली नाही, मित्रांनो. ती मला घेऊन पोहली.